बुडालेल्या संस्कृतींची भुरळ का पडते? सोलापूरच्या एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: "माझा मुलगा अकरावीत आहे. रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर प्राचीन हरवलेल्या संस्कृतींचे व्हिडिओ बघतो. 12,000 वर्षांपूर्वी आपल्यापेक्षा प्रगत लोक होते, ते महापुरात बुडाले, वेरूळचं कैलास लेणं माणसाच्या हातून होणं शक्यच नाही, आणि पुरातत्त्ववाल्यांना हे सगळं माहीत असून ते लपवतात, असं तो आम्हाला ऐकवतो. त्याचे वडील रागावले की तो जास्तच हट्टाला पेटतो. तुम्ही इतकी वर्षं उत्खननात काढली आहेत. यात खरं किती? आणि त्याला याचं एवढं वेड का लागलंय?"

ताई, आधी एक विनंती. त्याला रागावू नका, आणि साहेबांनाही सांगा. मी स्वतः याच वाटेनं या विषयात आलो. नववीत असताना शाळेच्या वाचनालयात एक फाटकं पुस्तक हाती लागलं होतं. परग्रहावरून आलेल्या पाहुण्यांनी आपल्या पूर्वजांना सगळं शिकवलं, असं त्यात लिहिलं होतं. दोन रात्री मला झोप लागली नाही. पुढं तीसएक वर्षं भीमा आणि सीनेच्या काठानं हिंडलो, चर खणले, खापरं धुतली, नकाशे काढले. त्या पुस्तकातलं एकही विधान टिकलं नाही. पण ती झोप उडाली नसती तर मी या वाटेला आलो असतो की नाही, सांगता येत नाही. तुमच्या मुलाला भूक लागली आहे, आणि ती भूक चांगली आहे. तिला काय वाढलं जातंय, एवढंच बघायचं.

वेड का लागतं, तर त्यात आमचाही दोष आहे. त्याचं इतिहासाचं पुस्तक उघडून बघा. हडप्पाला दोन पानं, सातवाहनांना पान-अर्धं पान, खाली सनावळी आणि रिकाम्या जागा भरा. हे सगळं शोधून झालंय, तू फक्त पाठ कर, असंच ते पान मुलाला सांगतं. व्हिडिओतला माणूस मात्र समुद्राकाठी उभा राहून म्हणतो, "याचं उत्तर अजून कुणाकडंच नाही." सतरा वर्षांच्या पोराला यातलं कोणतं वाक्य ओढून घेईल? आपल्या हातून काही शोधलं जाईल ही आशा त्याला शाळेनं द्यायला हवी होती. ती मोबाईलनं दिली.

शिवाय तो म्हणतो ते मुळातूनच अशक्य आहे, असंही नाही. हडप्पा हीच एक हरवलेली संस्कृती होती. 1921 मध्ये दयाराम साहनींनी हडप्पाला आणि 1922 मध्ये राखालदास बॅनर्जींनी मोहेंजोदडोला खणायला सुरुवात केली. 1924 मध्ये पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन मार्शल यांनी ती बातमी जगापुढं मांडली आणि भारताचा इतिहास एका फटक्यात दोनएक हजार वर्षं मागं गेला. तुर्कस्तानातल्या गोबेकली टेपे इथं 1995 पासून जर्मन पुरातत्त्वज्ञ क्लाउस श्मिट यांनी खोदकाम केलं. शेती नीट रुजायच्या आधी, सुमारे 11,500 वर्षांपूर्वी, लोकांनी माणसाहून कितीतरी उंच दगडी खांब कोरून गोलाकार उभे केले होते, हे तिथं दिसलं. आमच्या पिढीला हे शिकवलेलं नव्हतं. आपल्या कोकणात रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर जांभ्या दगडात हत्ती, मासे, माणसं कोरलेली आहेत. सुधीर रिसबूड, मनोज मराठे यांच्यासारखे स्थानिक अभ्यासक गावोगाव पायी फिरले, म्हणून ती मोठ्या संख्येनं उजेडात आली. कशेळीचा हत्ती तर एखाद्या घराच्या अंगणात मावणार नाही एवढा मोठा आहे. तो कुणी आणि कशासाठी कोरला, याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही. मुलाला हे जरूर सांगा. गूढ हवं असेल तर आमच्याकडं खरं गूढ भरपूर आहे.

आता कैलास. यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त मुलं मला हेच विचारतात.

व्हिडिओतला हिशेब साधारण असा असतो: 4 लाख टन दगड काढला, 18 वर्षांत काढला, रोज 12 तास काम धरलं तरी ताशी 5 टन होतो, आणि छिन्नी-हातोड्यानं ताशी 5 टन काढणं शक्य नाही. मुलाला कागद-पेन घेऊन बसवा. त्यांचेच आकडे घ्या, वाद घालू नका. ताशी 5 टन म्हणजे 5,000 किलो. कामावर 250 माणसं असतील तर माणशी ताशी 20 किलो. काळा पाषाण पाण्याच्या पावणेतीनपट-तिप्पट जड असतो, म्हणजे 20 किलो दगड साधारण सात लिटरच्या भांड्यात बसेल. अर्धं घमेलं म्हणा. 500 माणसं असतील तर पाव घमेलं. आपल्या दक्षिण सोलापुरात, अक्कलकोटकडं, आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात याच पाषाणात पहार आणि घणानं विहिरी खणल्या गेल्या. तिथं अर्ध्या घमेल्याचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. व्हिडिओ आकडे खोटे सांगतो असंही म्हणायची गरज नाही. भागाकार करताना माणसं किती, हे तो विचारतच नाही. माणसं गाळली की उरलेली रक्कम चमत्कारासारखी दिसते.

त्यातही 18 वर्षं हा आकडा कुठल्या शिलालेखात नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची कारकीर्द साधारण 756 ते 773 धरतात, तिथून तो उचलला आहे. पुरातत्त्वज्ञ डॉ. म. के. ढवळीकरांनी कोरीवकामाच्या शैलीचा बारकाईनं अभ्यास करून दाखवलं की मुख्य देऊळ कृष्णाच्या काळातलं असलं तरी लंकेश्वरासारखे भाग नंतर कोरले गेले. एकाच लेण्यात कित्येक वर्षांचे हात आहेत.

बरीच वर्षं झाली, आमच्या कामावर एक वयस्कर वडार गृहस्थ होते. उभा जन्म दगडात गेलेला. त्यांना मी कैलासचे मोठे फोटो दाखवले आणि व्हिडिओत विचारतात तेच विचारलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वरनं खाली आल्यात, ह्यात अवघड काय? खालनं वर चढवायचं म्हटलं की परांची लागती. वरनं उतरत आलं की दगूडच परांची." मी पुस्तकं वाचून एवढं शिकलो, पण लेणं वरून का कोरलं हे मला असं एका वाक्यात कुणी सांगितलं नव्हतं. नंतर त्यांनी मलाच विचारलं, "पाण्याची वाट दिसती. पण राडारोडा कुठनं न्हेला?" हा खरा अभ्यासकाचा प्रश्न आहे. मागच्या बाजूला कडा 30 मीटरहून खोल कापलेला आहे, तर तेवढा दगड बाहेर कसा नेला, कुठं वापरला, रोज किती माणसं जेवत होती, धान्य कुठल्या गावांतून येत होतं? या प्रश्नांवर माणसानं आयुष्य घालवावं असे ते आहेत. परग्रहवासी आणले की हे सगळे प्रश्न तिथंच संपतात.

कसं कोरलं हे बघायचं असेल तर अर्धवट राहिलेली लेणी बघावीत. अजिंठ्याचं 24 नंबरचं लेणं अपुरं आहे. त्यात खांब नुसते ओबडधोबड सोडलेले दिसतात, छिन्नीच्या खुणा दिसतात, एका टप्प्यावर काम थांबल्याचं दिसतं. चुकलेलं आणि सोडून दिलेलं काम हाच माणसाच्या हाताचा सगळ्यात भक्कम पुरावा.

आपल्या पूर्वजांनाही कैलास बघून नवल वाटलंच होतं. इसवी सन 812 च्या सुमाराच्या बडोद्याच्या ताम्रपटात म्हटलं आहे की विमानातून जाणारे देव हे देऊळ बघून थक्क झाले, आणि हे आपण केलं तरी कसं, असं खुद्द शिल्पकारालाही वाटलं. मराठीत कृष्ण याज्ञवल्कीच्या कथाकल्पतरूत तर कहाणीच आहे. राणीनं प्रतिज्ञा केली की देवळाचं शिखर बघितल्याशिवाय अन्न घेणार नाही. सगळे कारागीर हरले. तेव्हा पैठणचा कोकस पुढं आला आणि त्यानं आधी शिखरच कोरायला घेतलं. कहाणी ती कहाणीच, पण वरून खाली कोरल्याची आठवण तिनं जपली, आणि श्रेय दिलं ते पैठणच्या एका कारागिराला. शेकडो वर्षांपूर्वीच्या मराठी माणसाला यात संकोच वाटला नाही. मग आज आपल्याला आपल्याच कारागिराऐवजी कुणीतरी अज्ञात महापुरुष का हवा असतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बुडालेल्या नगरांबद्दल. पाण्याखाली गेलेली गोष्ट आपोआप जुनी वाटू लागते. याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. अशाच एका उन्हाळ्यात तिथं गेलो होतो. गाळाला भेगा पडलेल्या, शिखर उन्हात. मोटरसायकलवरून आलेली पोरं मोबाईलवर चित्रण करत "हजारो वर्षांपूर्वी बुडालेलं नगर" असं बोलत होती. दहा पावलांवर एक आजी दर्शनाला आल्या होत्या. त्यांचं लग्न त्याच गावात झालेलं. आपलं घर कुठल्या बाजूला होतं, हे त्या बोटानं दाखवत होत्या. धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, देऊळ मात्र कित्येक शतकांचं. म्हणजे बांधलं कधी आणि बुडालं कधी, हे दोन निराळे प्रश्न झाले. पोरांना खरंच बुडालेल्या गावाची गोष्ट हवी होती आणि ती सांगणारं माणूस शेजारीच उभं होतं. कुणी विचारलं नाही.

समुद्र वाढला हे मात्र शंभर टक्के खरं आहे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं, तेव्हा जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. नंतर बर्फ वितळलं आणि पाणी हजारो वर्षं चढत राहिलं. त्या किनाऱ्यांवर माणसं राहत होती, त्यांच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, यात मला शंका नाही. माणसं राहत होती इथपासून प्रगत शहरं होती इथपर्यंत जाताना मात्र मी पुरावा मागतो.

2001 मध्ये खंबातच्या आखातात शहर सापडल्याची घोषणा झाली. सोनार यंत्रानं, म्हणजे ध्वनिलहरी सोडून, घेतलेल्या समुद्रतळाच्या प्रतिमांत चौकोनी आकार दिसत होते, आणि तळातून उपसून काढलेल्या एका लाकडाचं वय सुमारे 9,500 वर्षं निघालं. लाकूड तेवढं जुनं असेलही. पण ते कुठल्या घराच्या कुठल्या थरातून आलं? उपसून काढलेल्या वस्तूला थर नसतो. त्या आखाताची भरती-ओहोटी अतिशय जोराची, आणि नद्या हजारो वर्षं वरून गाळ, लाकूड, खापर आणून टाकत आल्या आहेत. उद्या भीमेच्या पुरात वाहून आलेला ओंडका पंढरपूरच्या घाटाला अडकला, तर त्याच्या वयावरून घाटाचं वय काढाल का?

मी पुरावा म्हणतो तो कसा असतो, ते आपल्या भागातला शेतकरी चांगला ओळखतो. जमिनीचे दोन प्रकार, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे रान. पांढरी म्हणजे जिथं गाव वसलं, भिंती पडल्या, चुलीतली राख साठली, शेणामातीचे थर बसले ती जागा. माणसाच्या राहण्यानं मातीचा रंग बदलतो. आमचे लोक पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात खत म्हणून नेत आले, इतकी ती कसदार. नांगरलेल्या पांढरीवर दहा पावलं चाललात तरी खापर दिसतं. माणूस जिथं शंभर वर्षं राहतो तिथं तो अतोनात कचरा करतो, आणि भाजलेलं मडकं फुटतं, पण कुजत नाही. पुण्याजवळ घोड नदीच्या काठी इनामगावला साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं साधं शेतकऱ्यांचं गाव डेक्कन कॉलेजनं खणलं. जळलेलं धान्य, चुली, रांजण, मडक्यात पुरलेली तान्ही मुलं, सगळं हाती आलं. एवढंसं गाव एवढं मागं ठेवून जातं. मग जगभर पसरलेली प्रगत संस्कृती एक फुटकं मडकं, एक उकिरडा, माणसाच्या लागवडीनं बदललेल्या धान्याचा एक दाणा ठेवत नाही? शेतातल्या गव्हाचा दाणा रानगव्हासारखा आपोआप गळून पडत नाही, आणि हा फरक जळलेल्या कणसातही ओळखू येतो. रोमन लोकांनी चांदी गाळली, तेव्हाच्या धुरातलं शिसं ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत आजही मोजता येतं. 12,000 वर्षांपूर्वीच्या थरात धातू गाळणाऱ्यांचा असा धूर नाही. शहर बुडेल, पण सगळ्या जगावर पसरलेला धूर कसा बुडणार?

लपवतात का, या प्रश्नावर थोडक्यात. आमच्या धंद्यात नाव होतं ते जुनं मत उलटवणाऱ्याचं. अमेरिकेत माणूस पहिल्यांदा पोहोचला तो सुमारे 13,000 वर्षांपूर्वी, त्याआधी नाही, हे मत पक्कं होतं. चिलीतल्या माँटे व्हर्दे इथं खणलेल्या त्याहून जुन्या वस्तीनं ते मोडलं. विरोध झाला, तोही कडवा, वीस-एक वर्षं चालला. पण शेवटी विरोधक स्वतः जागेवर गेले आणि 1997 मध्ये त्यांनी मान्य केलं. उलट इंडोनेशियातल्या गुनुंग पडांगचं बघा. 2023 मध्ये एका शोधनिबंधात त्या टेकडीतलं बांधकाम 25,000 वर्षांहून जुनं असल्याचं म्हटलं गेलं. कार्बन पद्धतीनं काढलेलं वय मातीचं होतं. त्या मातीत माणसाच्या हातची एकही वस्तू नव्हती. 2024 मध्ये निबंध मागं घेतला गेला. खोल खणलं की जुनी माती लागणारच, ती तर माझ्या परसातही लागेल.

तरी एक कबूल करतो. आम्ही लपवत नाही, पण दाखवतही नाही. उत्खननाचे अहवाल वीस-वीस वर्षं छापले जात नाहीत. छापले तर इंग्रजीत, आणि पाच-सहाशे प्रती. मी ज्या एका खोदकामावर तरुणपणी तीन हंगाम राबलो, त्याच्या खापरांच्या गोण्या पुढं कित्येक वर्षं एका खोलीत बांधून पडलेल्या मी पाहिल्या. गावकरी विचारायचे, "सर, आमच्या गावात काय सापडलं?" त्यांच्या हाती द्यायला माझ्याकडं मराठीतलं एक पानही नव्हतं. त्या रिकाम्या जागेत व्हिडिओ आले. तुमच्या मुलाला आमचा राग येत असेल तर तो सगळाच चुकीचा नाही.

आणखी एक गोष्ट त्याला कळायला हवी. ही मतं बहुतेकदा कुणाचं तरी श्रेय काढून घेतात. आफ्रिकेतल्या ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी भिंती बघून गोऱ्या वसाहतवाल्यांनी ठरवलं की हे काळ्या माणसाचं काम नव्हे, फिनिशियन किंवा शेबाच्या राणीचं असणार. 1905 मध्ये रँडल-मॅकायव्हर आणि 1929 मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या पुरातत्त्वज्ञांनी खणून दाखवलं की त्या भिंती तिथल्याच आफ्रिकी लोकांनी बांधल्या. आपल्या लेण्यांवर "हे माणसाचं काम नाही" असं लिहिलेलं मुलं पुढं पाठवतात, तेव्हा आपण आपल्याच वडारांना, पाथरवटांना, कुंभारांना तसंच बाजूला सारतो आहोत हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आणि अभिमानच वाटून घ्यायचा तर तेरला जा, बार्शीच्या पलीकडं आहे. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे, आणि तिथलं जाडंभरडं आणि तलम कापड गाड्यांतून भडोचला जातं. तिथून ते जहाजांवर चढायचं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्या जातकुळीची मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली, आणि ते गाव इसवी सन 79 मध्ये गाडलं गेलेलं. तेरच्या जुन्या देवळाची वीट पाण्यावर तरंगते, हे तुमच्या मुलानं व्हिडिओत बघितलं असेल. तिच्या मातीत भाताचं तूस मिसळलेलं असे. भट्टीत ते जळून गेलं की आत बारीक पोकळ्या उरतात आणि वीट हलकी होते. ज्या कुंभाराला हे सुचलं त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. एकदा अशाच एका पांढरीवर मिळालेली, मधे भोक असलेली भाजक्या मातीची चकती मी वर्गात फिरवली. मुलं म्हणाली चाक, कुणी म्हणालं यंत्राचा भाग. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विणकराच्या घरच्या मुलीनं ती घरी आजीला दाखवायला मागितली. दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आली: चातीला लावायची चकती, सूत कातताना चातीला वजन देते. ज्या सोलापूरची चादर देशभर जाते, त्याच्या आसपास दोन हजार वर्षांपासून सूत कातलं जातंय. हे ऐकताना वर्गात सगळे गप्प झाले होते.

आता करायचं काय. मोबाईल काढून घेऊ नका. एखाद्या रविवारी त्याला हत्तरसंग कुडलला न्या. सोलापूरहून चाळीसेक किलोमीटर, भीमा-सीनेचा संगम. तिथं 359 मुखांचं शिवलिंग आहे, ते बघून तो हरखेल. पण त्याला संगमेश्वराच्या देवळात तुळईवरचा लेख शोधायला सांगा. शके 940, म्हणजे इसवी सन 1018. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीच्या सगळ्यात जुन्या ज्ञात लेखांपैकी एक. "वाछितो विजेया होईवा", म्हणजे जो हे वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाचणाऱ्याची वाट बघत हे कोरून ठेवलं.

नदीकाठी खापर सापडलं तर उचलून घरी आणू नये, जागेवरच फोटो काढावा, शेजारी पेन ठेवून, म्हणजे आकार कळतो. कुठंही खणू तर अजिबात नये. आणि लेख वाचायला सोबत बॅटरी घ्या. प्रकाश अक्षरांवर समोरून मारला तर काही दिसणार नाही. बॅटरी दगडाला टेकवून बाजूनं आडवी धरायला सांगा, म्हणजे खाचांत सावली पडते आणि अक्षरं एकेक करून वर येतात.